एक ओव्हन, सहा मुलं आणि दोन पांढरे गोळे

सुट्टीतली दुपार, सहा मुलं, दोन मोठी माणसं आणि एका वेळी एकच ट्रे मावेल एवढा ओव्हन. मुलांपैकी दोघं तीन वर्षांची, तिघं चार-पाच वर्षांची, एक सात वर्षांचं. ठरलं असं की सजावटीचं विकतचं काही आणायचं नाही. घरातला मैदा, मीठ, साखर, बटर आणि रद्दी एवढ्यावर प्रत्येक मुलानं एक टांगायचा तारा, हातभर कागदी साखळी आणि तीन बिस्किटं घेऊन घरी जायचं. वेळ अडीच तास. हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. त्यातले बिघाड मात्र अशा दुपारी हमखास होणारेच निवडले आहेत.

दुपार संपली तेव्हा मिठाच्या गोळ्याचे निम्मे तारे टम्म फुगून तपकिरी झाले होते. बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली होती. साखळीच्या कड्या भिंतीवर लावता लावता सुटत होत्या. आणि तीन वर्षांच्या एका मुलानं बिस्कीट समजून मिठाच्या ताऱ्याचा कोपरा चावला, तोंड वेडंवाकडं करून थुंकला आणि नंतर खऱ्या बिस्किटालाही हात लावायला तयार होईना. सामानाचा हिशेब चोख होता, एक चमचाही वाया गेला नव्हता. कुठल्या कामात किती वाट बघावी लागते हा हिशेब मात्र कुणी केला नव्हता. सगळी घसरगुंडी तिथून सुरू झाली.

कशानंतर काय घडलं

सुरुवात मिठाच्या गोळ्यानं झाली, कारण त्याला वाळायला वेळ लागतो असं सगळ्यांना माहीत असतं. सगळ्या मुलांसमोर मोजमाप, मग मळणं. मळायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात पाच मुलं नुसती बघत बसतात. आकार कापून ट्रे 110 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये गेला. त्याच टेबलावर, त्याच साच्यांनी बिस्किटं कापायला घेतली. अर्ध्या तासानं बिस्किटं तयार, पण ओव्हन अडलेला. म्हणून तारे अर्धवट वाळलेले बाहेर काढले, तापमान 165 वर नेलं आणि बिस्किटं आत घातली. तोवर ती ओट्यावर गरम ओव्हनशेजारी थांबून मऊ पडली होती. ती भाजून निघाल्यावर तारे पुन्हा आत गेले, तेही ओव्हन गार न होऊ देता. अर्धवट वाळलेल्या गोळ्यातल्या पाण्याची एकदम वाफ झाली, वरची कातडी आधीच कडक झालेली, वाफेला वाट नाही. म्हणून पोटात पोकळ फुगे. मधल्या वेळात ओट्यावर दोन ट्रे शेजारी शेजारी पडून होते, एकसारखे तारे, एकसारखा रंग. मुलानं चावा घेतला तो त्याच वेळी.

म्हणजे गोळा बिघडला, बिस्किटं बिघडली आणि मूल फसलं या तिन्हींचं मूळ एकच: दोन वेगळ्या तापमानांची कामं एका ओव्हनसमोर रांगेत उभी केली आणि त्यातलं लांबलचक काम पुढे ठेवलं.

मिठाचा गोळा: प्रमाण आणि फसण्याच्या जागा

नेहमीचं प्रमाण दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि पाऊण कप पाणी. वजनात सांगायचं तर साधारण 250 ग्रॅम मैदा, 290 ग्रॅम मीठ, 180 मिली पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही; शेवटचे दोन-तीन चमचे राखून ठेवायचे आणि गोळा फुटत असेल तरच घालायचे. मुलांचे हात धुतल्यावर ओले राहतात आणि तेवढं पाणीही गोळ्यात जातं, म्हणून आधी हात कोरडे पुसून घ्यायचे. मळून झालेला गोळा कानाच्या पाळीइतका मऊ असावा आणि बोटाला चिकटू नये.

मीठ बारीकच हवं. जाड मीठ पाण्यात विरघळवून घेऊ, असा विचार मनात येतो, पण 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ विरघळतं. 180 मिली पाण्यात जेमतेम 65 ग्रॅम विरघळेल, उरलेलं सव्वादोनशे ग्रॅम खड्यासारखंच राहणार. तसे खडे राहिले की आकाराच्या कडा खरबरीत होतात आणि वाळताना तिथूनच तडा जातो. जाड मीठच असेल तर मिक्सरमध्ये फिरवून घ्या. मैद्यातही एक पाहायचं: बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा इथे चालत नाही, त्यातले तारे भाजताना उगाच फुगतात.

जाडी 5 ते 6 मिलिमीटर. याहून जाड तुकडा बाहेरून वाळतो, आत ओला राहतो. बाहेरचा भाग आकसतो, आतला आकसत नाही आणि मधोमध चीर पडते. दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवलं की मुलानं लाटलं तरी जाडी सारखी येते. दोन जुन्या पट्ट्या किंवा एकावर एक चिकटवलेले पुठ्ठ्याचे तुकडेही चालतात. दोऱ्याचं भोक स्ट्रॉनं पाडायचं, काठापासून किमान एक सेंटिमीटर आत. काठाजवळचं भोक टांगताना तुटतंच. आणि भोक वाळताना लहान होतं, म्हणून काडीनं पाडलेल्या बारीक भोकातून नंतर दोरा जात नाही.

ओव्हनमध्ये 100 ते 110 अंशांवर दोन ते तीन तास, मधे एकदा उलटवून. पांढराच राहिला पाहिजे. कडा पिवळ्या पडायला लागल्या तर तापमान जास्त आहे. उघड्यावर वाळवायचं तर जाळीवर ठेवून दोन ते चार दिवस, रोज उलटवत. पण सहा ताऱ्यांसाठी ओव्हन तीन तास चालवायचा, हे काटकसरीच्या नावाखाली पटणारं नाही. मीठ-मैदा वाचवला आणि वीज घालवली, असं ते होतं.

रंग पूर्ण वाळल्यावरच. पाणी जास्त असलेला रंग वरच्या मिठाला विरघळवतो आणि पृष्ठभाग चिकट होतो. घट्ट रंगाचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. वरून पारदर्शक वॉर्निश किंवा नेलपॉलिश दोन्ही बाजूंना आणि कडेलाही लावायचं. पांढऱ्या गोंदाचा थर चमक देतो, पण ओलाव्याला तो पुरत नाही. हे झाकणं शोभेपुरतं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. न झाकलेला तारा अशा हवेत घाम आल्यासारखा ओला होतो, मग मऊ, मग दोऱ्याशी फाटतो. दमट दिवसांत मिठाचा गोळा करूच नये, हे बरं.

आता खाण्याचं. या गोळ्यात वजनाच्या सुमारे 40 टक्के मीठ असतं. 15 ग्रॅमचा छोटासा तुकडा म्हणजे 6 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. मूल बहुधा पहिल्याच घासाला थुंकतं, पण त्या भरवशावर राहू नये. तुकडा गिळला गेला असेल आणि नंतर उलट्या, खूप तहान किंवा गुंगी दिसली तर डॉक्टरांकडे न्यायचं, घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. घरात कुत्रा असेल तर धोका जास्त, कारण कुत्रं थुंकत नाही. कच्चा गोळा आणि वाळलेले तारे दोन्ही त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवायचे नाहीत.

त्याऐवजी सोड्याचा गोळा

या प्रकरणात मिठाच्या गोळ्याला सरस पर्याय होता: खायचा सोडा आणि कॉर्नफ्लोअर. सहा मुलांना एक कप सोडा, अर्धा कप कॉर्नफ्लोअर आणि अर्ध्या कपाहून थोडं जास्त, म्हणजे 150 मिली पाणी पुरतं. सहा सेंटिमीटरचे पंधराएक आकार होतात. तिन्ही एकत्र कालवून गुठळी मोडायची आणि मध्यम आचेवर सतत ढवळायचं. आधी ताकासारखं पातळ असतं, थोडे बुडबुडे येतात, काही होतच नाहीये असं वाटतं आणि मग मिनिटाभरात सगळं आळून येतं. मक्याचा स्टार्च साधारण 62 ते 72 अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतो, म्हणून हा बदल असा एकदम होतो. कुस्करलेल्या बटाट्यासारखं दिसू लागलं की लगेच उतरवायचं. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर गोळा कोरडा पडतो आणि लाटताना भुगा होतो. तसं झालंच तर हात ओला करून मळायचं, पाणी ओतायचं नाही. ओल्या फडक्याखाली गार करायचा. हे काम मोठ्यांचं, मुलं येण्याआधीचं.

हा गोळा मिठाच्या गोळ्याहून गुळगुळीत, पांढराशुभ्र, आणि ओव्हनशिवाय एक ते दोन दिवसांत वाळतो. कमी तिथे एकच: वाळल्यावर ठिसूळ असतो. ताऱ्याची लांब टोकं हमखास तुटतात, त्यामुळे गोल, पान, मासा, चंद्रकोरीपेक्षा पूर्ण चंद्र असे भरीव आकार घ्यावेत. हाताचा ठसा घ्यायचा असेल तर मात्र मिठाचाच गोळा चांगला, तो मोठ्या तुकड्यातही टिकतो. सोड्यातही सोडियम असतं, तेव्हा हाही खायचा नाही.

बिस्किटं का पसरली

साखर, बटर, मैदा वजनानं एकास दोनास तीन. अठरा बिस्किटांना 50 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम बटर, 150 ग्रॅम मैदा. सहा सेंटिमीटरच्या साच्यानं 5 मिलिमीटर जाडीचं एक बिस्कीट साधारण 17 ग्रॅमचं होतं. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. पावडर नसल्यामुळेच साच्याचा आकार टिकतो. मैदा कपानं मोजू नका, वजन करा. दाबून भरलेला कप आणि सैल भरलेला कप यांत 25-30 ग्रॅमचा फरक सहज पडतो. एवढ्या लहान मापात तो फरक गोळा कोरडा पाडायला पुरेसा आहे.

बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं, आणि लहान मुलांचे हात तेवढे गरम असतातच. मूल एकच तुकडा चार वेळा गोळा करून पुन्हा लाटतं, वरून ओव्हनची धग. तो तुकडा ट्रेवर जाण्याआधीच तेलकट झालेला असतो. मग भाजताना पीठ घट्ट व्हायच्या आत बटर वाहतं आणि तारा पसरून वाटोळा होतो. उपाय क्रमातच आहे: गोळा आदल्या दिवशी करायचा, दोन बटर पेपरांमध्ये लाटून सपाट ताटासकट फ्रिजमध्ये ठेवायचा. मुलांच्या हाती थेट थंड, कडक पोळी द्यायची. त्यांनी फक्त साचा दाबायचा. उरलेली कात्रणं एकदाच गोळा करून लाटायची. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लाटलेलं बिस्कीट चिवट होतं आणि भाजताना आकसतं. कापलेले आकार ट्रेवर मांडून दहा मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवले की पसरण्याची भीती जवळजवळ जाते.

165 अंशांवर 12 ते 15 मिनिटं. कडा फिक्या सोनेरी झाल्या की काढायची, मधला भाग तेव्हा मऊच लागतो आणि गार होताना कडक होतो. एका ट्रेवर एकाच मापाची बिस्किटं ठेवायची. छोटा तारा आणि मोठा चंद्र एकत्र घातले तर मोठा शिजेपर्यंत छोटा जळतो. अंडं नाही म्हणून कच्चा गोळा चाटू द्यावा, असं पुष्कळांना वाटतं. देऊ नये. कच्चा मैदा भाजलेला नसतो, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

साचे नसले तरी अडत नाही. पेल्याची कड, बाटलीचं झाकण, पुठ्ठ्याचा कापलेला आकार ठेवून भोवतीनं बोथट सुरी. अट एकच, की खाण्याचे साचे आधी वापरायचे आणि गोळ्याचे नंतर. उलट क्रमानं गेलं तर साच्याच्या कोपऱ्यांत अडकलेलं मीठ पहिल्या चार बिस्किटांत उतरतं.

वरच्या साखरेला 100 ग्रॅम पिठीसाखर आणि तीन छोटे चमचे पाणी. तिसरा चमचा थेंबाथेंबानं, कारण अर्ध्या चमच्यानंही ती वाहू लागते. चमच्यातून सोडलेली धार भांड्यात पडून दहा-पंधरा सेकंदांत सपाट झाली की बरोबर. बिस्कीट पूर्ण गार असलं पाहिजे. कोमटावर घातलेली साखर वितळून कडेनं ओघळते.

साखळी

इथे चूक खळीची होती. मैद्याची खळ स्वस्त आहे आणि मोठ्या कागदाला उत्तमही: पाव कप मैदा पाव कप गार पाण्यात कालवून, एक कप उकळत्या पाण्यात ओतायचा आणि दोन-तीन मिनिटं ढवळायचं. पण ती ओली असते, उशिरा धरते, आणि कडी करून वळवलेला कागद सतत सरळ व्हायला बघतो. मूल दहा सेकंद धरतं आणि सोडतं, कडी उघडते. घट्ट कांडीचा गोंद इथे सोयीचा.

त्याहून चांगलं म्हणजे गोंदच नको. ए-चार मापाच्या कागदाच्या आडव्या बाजूनं 2.5 सेंटिमीटर रुंदीच्या, 21 सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापल्या की एका कागदात अकरा निघतात. प्रत्येक पट्टीच्या एका टोकापासून दीड सेंटिमीटरवर वरच्या कडेनं अर्ध्यापर्यंत खाच, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच अंतरावर खालच्या कडेनं. खाच निम्म्याच्या केसभर पुढे, 1.3 सेंटिमीटर. पट्टी आधीच्या कडीतून ओवायची, दोन खाचा एकमेकींत अडकवायच्या. बाहेर राहिलेली दोन टोकं माशाच्या शेपटीसारखी दिसतात. चार वर्षांच्या मुलाला हे दाखवलं की ते साखळी विसरून नुसते मासेच करत बसतं, आणि करू द्यावं. वर्तमानपत्राचा कागद खाचेशी फाटतो. जुन्या कॅलेंडरचा, मासिकाच्या मुखपृष्ठाचा कागद चांगला. गोंदाच्या कडीला एक सेंटिमीटरची जोड धरली तर एका कागदाच्या अकरा कड्यांची साखळी साधारण 65-70 सेंटिमीटर होते. खाचेच्या कडीत टोकं बाहेर राहतात, म्हणून ती थोडी कमी भरते. सहा मुलांना हातभर साखळी म्हणजे पाच-सहा कागद पुष्कळ झाले.

कात्री कुणाला काय द्यायची? तीन वर्षांचं मूल रेषेवरून कापत नाही, एक कचका मारतं. त्याला दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या द्यायच्या, एका कचक्यात तुकडा पडतो. रेषेवरून कापणं चार-पाचच्या मुलांचं, खाचा पाडणं सात वर्षांच्याचं.

तीच दुपार, दुसऱ्या क्रमानं

बिस्किटांची पोळी आदल्या दिवशी फ्रिजमध्ये. सोड्याचा गोळा सकाळी शिजवून ओल्या फडक्याखाली. मुलं आली की हात धुऊन आधी बिस्किटं कापणं, वीस मिनिटं. पहिला ट्रे दहा मिनिटं फ्रिजमध्ये, मग ओव्हनमध्ये, तेव्हापासून साखळी. दोन ट्रे भाजून निघेपर्यंत साखळीला 40 मिनिटं मिळतात, आणि ज्यांचा उत्साह आधी संपतो त्यांच्यासाठी कच्चा नळीदार पास्ता आणि बुटाची नाडी बाजूला ठेवायची. नाडीचं टोक कडक असतं, सुई लागत नाही. बिस्किटं गार व्हायला अर्धा तास: टेबलावर कागद अंथरून सोड्याचे आकार. मग कागद गुंडाळून थेट कचऱ्यात, साबणानं हात, आणि शेवटी गार बिस्किटांवर साखर. सगळं मिळून पावणेदोन तास, दोन तास धरावेत. उरलेला अर्धा तास सांडलवंडीचा, तो योजनेत धरलेलाच असावा.

या क्रमात खाण्याचा गोळा आणि न खाण्याचा गोळा एका वेळी टेबलावर येतच नाहीत. तरीही सोड्याच्या पिठात कालवतानाच थोडा निळा किंवा हिरवा रंग घातला तर तीन वर्षांच्या मुलालाही फरक कळतो. पांढरेपणा जातो, पण चावा वाचतो.

ओव्हन नसलेल्या घरात बिस्किटांच्या जागी चॉकलेटचे गोळे: 100 ग्रॅम चॉकलेट, पाकिटाच्या तळाशी उरलेले 40 ग्रॅम कॉर्नफ्लेक्स, आठ-दहा गोळे. चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या वाडग्यात वितळवायचं, पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. वाफेचा थेंब जरी पडला तरी साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं घट्ट, रवाळ होतं. तेव्हा कोरडा चमचा, कोरडा वाडगा. फ्रिजमध्ये 20-30 मिनिटं. अख्खे दाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न यांत घालायचे नाहीत. ते घशात अडकतात, तीन-चार वर्षांच्या मुलांना तर नकोच. सजावटीच्या मण्या-बटणांनाही हाच न्याय: तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीनं करतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्यावी, ती त्याहून रुंद असते. तिच्यातून जी वस्तू जाते ती लहानग्यांच्या हाती द्यायची नाही.

सोड्याचे आकार घरी जाताना ओलेच असतात. प्रत्येकाचा आकार पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, पुठ्ठ्याखाली मुलाचं नाव आणि पालकांसाठी चिठ्ठी: दोन दिवस उघड्यावर, सकाळ-संध्याकाळ उलटवा, उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका, रंग तिसऱ्या दिवशी, खाऊ देऊ नका.